झाकली मूठ आणि तिची परीक्षा

मंडळी, आपल्या कुठल्याही कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं राहिलं की पुढे-मागे कुणी ना कुणी संगणकवाला असतोच. म्हणून या अंकात आम्ही त्यांच्या घरातलं एक जुनं भांडण ओसरीवर आणतोय. इतरांनी पान उलटू नये, पुढे पुरणपोळी आहे.

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅममधल्या क्लासच्या काही मेथड पब्लिक असतात, म्हणजे बाहेरच्या कुणीही हाक मारावी अशा. काही प्रायव्हेट, माजघरातल्या. जे निर्णय उद्या बदलण्याचा संभव आहे ते एकेका भागाच्या पोटात लपवावेत, हे डेव्हिड पार्नास यांनी १९७२ सालीच मांडलं होतं. थोडक्यात, झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढे १९९७ साली केंट बेक आणि एरिक गामा झुरिकहून अटलांटाला विमानाने निघाले आणि वाटेत त्यांनी जावासाठी ‘जेयुनिट’ लिहायला घेतलं. (आपण तेवढ्या वेळात दोन सिनेमे बघतो आणि पाय सुजले म्हणून कुरकुरतो.) युनिट टेस्ट घरोघरी पोचली आणि भांडण सुरू झालं: झाकलेल्या मुठीची परीक्षा घ्यायची की नाही?

एक पक्ष म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. पब्लिक मेथडला विचारा. आडात नसेल तर पोहऱ्यात येणारच नाही. आमचा कौल बराचसा यांच्याच बाजूने. कारण प्रायव्हेट मेथडला टेस्ट चिकटवली की आतली मांडामांड बदलताना उत्तर बरोबर असूनही टेस्ट मोडतात. दोन-चारदा असं झालं की माणसं कोड सुधारायचंच सोडून देतात. ज्या टेस्टने धीर द्यायचा, तीच धाक घालायला लागते.

पण सुगरणीला विचारा. पोळी खाऊनच कळेल म्हणून ती थांबते का? पुरणात झारा उभा राहतो का ते आधी बघते. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं हेच, आणि ते खोटं नाही. आमच्या मंडळाच्या दिवाळीच्या तिकिटांचा प्रोग्रॅम घ्या. वयाचे गट तीन (पाचच्या आत फुकट, पाच ते बारा अर्धं, पुढे पूर्ण), सभासद की पाहुणा हे दोन, आगाऊ की दारावर हे दोन. सगळं ‘एकूण रक्कम’ या एकाच पब्लिक मेथडमधून तपासायचं तर बारा जोड्या होतात. उद्या ज्येष्ठांची सवलत आली की सोळा!

मग काही जण मागच्या दाराने शिरतात. जावात रिफ्लेक्शन वापरून प्रायव्हेट मेथडचंही कुलूप उघडता येतं. पण तिथे मेथडचं नाव अवतरणात लिहावं लागतं. नाव बदललं तर कंपायलर गप्प बसतो आणि टेस्ट चालवताना बोंब होते. सी प्लस प्लसवाले तर प्रायव्हेट या शब्दाचा अर्थच मॅक्रोने पब्लिक करून टाकतात. हा प्रकार आम्हाला मुळीच पसंत नाही.

पुरणाचा एवढा घोर लागला असेल तर त्याला वेगळं भांडं द्यावं. वयावरून दर काढणं हा ‘दरपत्रक’ नावाचा छोटा क्लास करा, सवलतींचंही तसंच. त्यांच्या मेथड तिथे पब्लिक. आता तीन, दोन आणि दोन मिळून सात टेस्ट, वर जुळणी बरोबर आहे ना हे बघायला एक-दोन. मुख्य क्लासची मूठ झाकलेलीच राहते.

खरी पंचाईत जुन्या कोडची. दोन हजार ओळींचा क्लास, लिहिणारा कधीच निवृत्त झालेला, आणि पब्लिक मेथडला हात लावला की डेटाबेस उघडतो, शिवाय गिऱ्हाइकाला पत्र जातं. इथे पुढच्या दाराचा आग्रह धरणाऱ्याने स्वतः तो कोड दुरुस्त करून दाखवावा. मायकेल फेदर्स यांनी जुन्या कोडवरच्या २००४ च्या पुस्तकात सरळ सांगितलंय: प्रायव्हेट मेथड तपासायचीच असेल तर ती पब्लिक करा, आणि तसं करताना जीव कचरत असेल तर तो क्लास बहुधा नको तेवढी कामं करतोय. तोडमोड करायला सवड नसेल तर जावात आम्ही नुसता प्रायव्हेट शब्द काढतो. त्याच पॅकेजमधल्या टेस्टला मेथड दिसते, परक्या पॅकेजला नाही.

आमच्या तिकिटांचं ‘दरपत्रक’ आता वेगळं झालंय. कार्यक्रमाच्या दिवशीच पाच पूर्ण होणाऱ्या पोराला अर्धं तिकीट लागतं, याचीसुद्धा टेस्ट आहे. त्याच्या आईशी वाद घालायचं काम मात्र खजिनदारांचं.