सत्तावीस किलोंचा पाया

प्रति,
परभणी जिल्ह्यातील रस्त्यांची अंदाजपत्रके मंजूर करणारे सर्व मान्यवर अधिकारी

विषय : रस्त्याखालच्या मातीचे आकडे जाहीर करण्याबाबत (पुन्हा एकदा)

खड्डे बुजवण्याची तत्परता दरवर्षी दिसतेच. प्रश्न डांबराचा नसून डांबराखालच्या मातीचा आहे, आणि नेमक्या त्याच प्रश्नावरची निवेदने आवक क्रमांक घेऊन तिथेच थांबली आहेत.

डांबरी रस्त्याला लवचिक रस्ता म्हणतात, कारण तो चाकाखालचा दाब डांबर, खडी आणि मुरूम अशा थरांतून पसरवत मातीपर्यंत नेतो. त्यामुळे थरांची जाडी वरून नव्हे, तर तळातून ठरते. त्यासाठी सीबीआर ही चाचणी आहे. ५० मिलिमीटर व्यासाचा दांडा मातीत २.५ मिलिमीटर शिरवण्यास किती भार लागतो, हे तीत मोजतात आणि प्रमाण खडीला लागणाऱ्या १३७० किलोंशी त्याची टक्केवारी काढतात. मातीचा नमुना आधी चार दिवस पाण्यात ठेवतात, कारण रस्त्याला पावसाळाही सोसायचा असतो. गोदाकाठची काळी माती उन्हाळ्यात हात शिरेल एवढी भेगाळते, मृगात फुगते आणि भिजल्यावर तिचा सीबीआर अनेकदा २ ते ४ टक्क्यांवर येतो. २ टक्के म्हणजे जेमतेम २७ किलो, सिमेंटच्या अर्ध्या पोत्याहून किंचित जास्त! इंडियन रोड्स काँग्रेसच्या ३७ क्रमांकाच्या संहितेने (२०१८) रोज ४५० किंवा अधिक व्यापारी वाहने असलेल्या रस्त्यांसाठी तळाचा परिणामी सीबीआर किमान ५ टक्के मागितला आहे. ही संहिता १९७० पासून चार वेळा सुधारली गेली. ती कपाटात सुखरूप असेल, याविषयी शंका नाही.

वरचा भार तर वाढतच आहे. चार चाकांच्या एकेरी आसाची कायदेशीर मर्यादा २०१८ मध्ये १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. आसाचा भार वाढतो त्याच्या साधारण चौथ्या घाताने रस्त्याची झीज वाढते, या नियमाने ही वाढ वजनात १३ टक्के असली तरी नुकसानीत ६२ टक्के ठरते. दुप्पट भाराचा आस तर सोळापट नुकसान करतो. गंगाखेड-पाथरी पट्ट्यात ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या धावतात, त्यांची मोजणी अंदाजपत्रकात कोणत्या रकान्यात असते, हे कळल्यास उपकार होतील.

माती खचून उमटलेली चाकोरी २० मिलिमीटर खोल झाली, की संहितेच्या लेखी रस्ता निकामी ठरतो. तिच्यावर नवे डांबर अंथरणे म्हणजे पायाच्या दुखण्यावर डोक्याला मलम लावणे होय. काळ्या मातीवर उपाय आहेत : चुना मिसळून ती स्थिर करणे, न फुगणाऱ्या मातीचा जाड थर देणे, साइडपट्टीलगतचे पाणी काढून देणे. हे उपाय अंदाजपत्रकात आले नसतील, तर दोष पावसाचा नाही.

म्हणून प्रत्येक कामाच्या फलकावर ठेकेदाराचे नाव आणि रक्कम यांच्याखाली भिजलेल्या मातीचा सीबीआर, मातीचा फुगवटा, गृहीत धरलेली आसांची संख्या आणि प्रत्येक थराची जाडी अशा चार ओळी लिहाव्यात. आकडे हाताशी असतील, तर रंगाऱ्याचे तासाभराचे काम आहे. नसतील, तर रस्ता कशाच्या आधारे मंजूर झाला, याचा खुलासा व्हावा. मातीचा नमुना भिजवायला चारच दिवस पुरतात. या मागणीचे घोंगडे त्याहून फार काळ भिजत पडले आहे.

परभणीतील करदाते