संगणक कोपरा : डिस्क हरवली, परवाना नाही



जर्मनीत दोन-तीन घरं बदलली की खोक्यांत सगळं सापडतं, फक्त विंडोजची डिस्क सापडत नाही. कित्येक लॅपटॉपबरोबर तर ती मिळालेलीच नसते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून जुनी मशीन्स पुसून कुणाला तरी द्यायची टूम निघाली आहे. मग प्रश्न येतो: डिस्कशिवाय हे चालेल का, आणि कायद्यात बसेल का?

आधी कायदा. आपण विकत घेतो तो वापरण्याचा हक्क, डिस्क हे नुसतं भांडं. जर्मन कॉपीराइट कायद्याच्या कलम ६९ डी प्रमाणे, पुढच्या वापरासाठी गरज असेल तर स्वतःपुरती बॅकअप प्रत करता येते. करारात काही लिहून कंपनीला ती नाकारता येत नाही. मात्र १२ ऑक्टोबर २०१६ ला युरोपीय न्यायालयाने लॅटव्हियातल्या एका खटल्यात सांगितलं की मूळ डिस्क हरवली किंवा खराब झाली, तरी ही बॅकअप प्रत परवानगीशिवाय दुसऱ्याला विकता येत नाही. म्हणजे लॅपटॉप विकताना घरी जाळलेली सीडी सोबत देऊ नका.

आता चावी. विंडोज ७ पर्यंत ती लॅपटॉपच्या पोटाखालच्या स्टिकरवर असे. २०१२ च्या विंडोज ८ पासून बहुतेक तयार मशीन्समध्ये ती मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते, इन्स्टॉलर ती आपणहून वाचतो. फक्त आवृत्ती तीच हवी: होमला होम, प्रोला प्रो. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून दुसऱ्या संगणकावर ८ जीबीची यूएसबी स्टिक तयार करा (स्टिकवरचं सगळं पुसलं जातं बरं का!). उत्पादकाने हार्डडिस्कवर ठेवलेल्या रिकव्हरी विभागावर फार विसंबू नका. हार्डडिस्क गेली की तोही गेला.

खरं नुकसान विंडोजचं होत नाही, ती परत मिळते. परत मिळत नाहीत त्या आपल्या फायली. पुसण्याआधी फोटो तर काढालच, पण या तीन गोष्टी हमखास राहतात:

१) एल्स्टरची सर्टिफिकेट फाइल. बहुधा डाउनलोड्समध्ये पडलेली असते. ती गेली की नव्याने खटपट आणि पोस्टाने येणाऱ्या कोडची वाट. नेमकी श्टॉयरची मुदत तोंडावर असताना!

२) जुने मराठी फाँट. युनिकोडच्या आधी शिवाजी, किरण, श्रीलिपीत टाइप केलेली पत्रं फाँट नसेल तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात. आजोबांच्या आठवणी तशा टाइप केलेल्या असतील, तर फाँटच्या फायलीही कॉपी करा.

३) बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की. मशीन सुरूच होईना म्हणून हार्डडिस्क काढून दुसरीकडे जोडलीत, तर ती हीच मागते. कागदावर लिहून ठेवा, त्याच लॅपटॉपमध्ये नको.

शेवटचं: इन्स्टॉल करताना कीबोर्ड जर्मन निवडला आहे ना, ते पाहा. नाहीतर वाय आणि झेडची अदलाबदल होते, आणि नुकताच ठेवलेला पासवर्ड चुकीचा म्हणून परत येतो.

तेव्हा मंडळी, आधी फायली, मग चावी, मग स्टिक. हा क्रम पाळलात तर डिस्क नसली तरी काही अडत नाही.