म्हैस विकू नका

शेतकरी बंधूंनो, परवा बियाण्याचे सांगायला गेलो, तर बांधावर एकाने वेगळेच विचारले. "साहेब, पोरगी वकिली शिकतेय. महिनाभर मुंबईत वकिलाच्या हाताखाली बिनपगारी राहायचं म्हणते. म्हैस विकू का?"

विकू नका. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवड्यांची उमेदवारी सक्तीची आहे, तीही सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. पण ती मुंबईतच करावी असे कुठे लिहिले आहे? तालुक्याच्या कोर्टातला वकील चालतो. सातबारा, फेरफार, बांधाचे तंटे तिथे रोजचेच, आणि ते आपल्या पोरींना शहरातल्यांपेक्षा लवकर उमगतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेही विचारून पाहा.

एसटीचे भाडे मात्र वकीलसाहेबांकडे न लाजता मागा.