ओव्हरटाइमचा पैसा खरंच टॅक्समध्ये जातो का?

हिंजवडीत दुकान चालवताना एक वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कानावर पडतं: "ओव्हरटाइम करून काय फायदा, सगळं टॅक्समध्येच जातं." बोलणारा बहुतेक वेळा चाकणच्या एखाद्या कंपनीत पंचवीस-तीस हजारांवर असतो. पुढेमागे त्याला स्वतःचा धंदा टाकायचा असतो, आणि भांडवलासाठी हाताशी असलेला हाच जादा पैसा तो या समजुतीपायी सोडून देतो. माझं मत स्पष्ट आहे: त्याला टॅक्स बुडवत नाहीये. कागद-पेन घ्या, सोबतच हिशोब करू.

समजा पगार महिना २६,०००. २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे तासाला १२५ रुपये. कारखान्यात ओव्हरटाइमला दुप्पट दर, हा नियम १९४८ च्या कायद्यापासूनचा आहे. म्हणजे तासाला २५०. महिन्याला ३० तास केले तर ७,५००, वर्षाचे ९०,०००. पगार धरून एकूण ४,०२,०००. त्यातून नोकरदाराचं ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन गेलं की उरले ३,२७,०००. नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून पहिल्या ४ लाखांवर कर नाहीच, आणि १२ लाखांपर्यंत रिबेट आहे. इन्कम टॅक्स शून्य! ओव्हरटाइमवर पीएफ कापत नाहीत. प्रोफेशनल टॅक्सचे २०० रुपये ओव्हरटाइम न करताही जातातच. नव्वद हजार पूर्ण तुमचे. (जुनी करपद्धत निवडली असेल तर गणित वेगळं, ते स्वतंत्र करा.)

आता पगाराच्या स्लिपवर ओव्हरटाइमचा दर बघा. तिथे १२५ च लावलाय का? मग वर्षाला ४५,००० गेले, आणि ते सरकारने नेलेले नाहीत. टॅक्सच्या नावाने बोटं मोडण्यापेक्षा हा प्रश्न एचआरला किंवा कंत्राटदाराला विचारा. एकट्याने नको, चार-पाच जण मिळून जा.

"टॅक्समध्ये जातं" हे म्हणणं खरं ठरतं अशी एक जागा मात्र आहे. वर्षाचा पगार १२.७५ लाखांपर्यंत असेल तर कर शून्य. त्यावर २५,००० चा ओव्हरटाइम केला, तर वरच्या २५,००० एवढाच कर लागतो, अधिक ४ टक्के सेस, म्हणजे २६,०००. राबायचं आणि वर खिशातले हजार घालायचे! हा पट्टा साधारण १३.४५ लाखांपर्यंत चालतो. त्यानंतर पुढच्या टप्प्यात शंभरातले पंधरा-सोळा रुपयेच करात जातात. जुन्या पर्मनंट कामगारांपैकी कुणी या पट्ट्यात असेल, तर त्याने जादा तास नाकारले तरी मी त्याला शहाणाच म्हणेन. तो वेळ स्वतःच्या धंद्याला द्यावा. धंद्याचा नफाही याच उत्पन्नात मिळवला जातो, तो काही सुटत नाही. पण तिथे माल, भाडं, वीजबिल वजा करून उरेल तेवढ्यावरच हिशोब होतो, आणि जोडलेलं गिऱ्हाईक तुमचंच राहतं.

एखाद्या महिन्यात ओव्हरटाइम जास्त झाला म्हणून टीडीएस कापला गेला, तरी घाबरू नका. कर महिन्याचा नसतो, वर्षाचा असतो. वर्षाचं उत्पन्न मर्यादेत असेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो. रिटर्न भरला नाही तर मात्र तो पैसा तिकडेच पडून राहतो, आणि आपल्याकडे रिटर्न म्हटलं की लोकांच्या अंगावर काटा येतो!

एक अजून. ओव्हरटाइम दर महिन्याला मिळेलच असं धरून दुकानाचं भाडं किंवा कर्जाचा हप्ता ठरवू नका. ऑर्डर कमी झाल्या की कंपनी आधी ओव्हरटाइम बंद करते. ते पैसे वेगळ्या खात्यात टाका. सहा महिन्यांत वरच्या हिशोबाने ४५,००० होतात. चहा-नाश्त्याच्या गाडीचं सामान किंवा शिलाईची दोन चांगली मशिन्स त्यात बसतात.

आणि उद्या तुमच्याकडे पोरं कामाला लागली, दिवाळीत रात्री दहापर्यंत थांबली, तर दुप्पट दर आधीच मालाच्या किमतीत धरून ठेवा. ठरावीक संख्येच्या वर माणसं असली की दुकानांच्या कायद्यातही ओव्हरटाइम दुप्पटच आहे.