संग्रहालये ‘उरकण्या’चा दिवस

दिवाळीची सुट्टी संपली की राहाता तालुक्यातील शाळांच्या सहलींचे दिवस सुरू होतात. पहाटेच्या अंधारात एस.टी.ची गाडी पुण्याच्या वाटेला लागते आणि शनिवारवाडा, आगाखान राजवाडा, केळकर संग्रहालय व जमल्यास आणखी एखादे ठिकाण ‘उरकून’ रात्री उशिरा परतते. या व्यवहाराला यापेक्षा यथार्थ क्रियापद सापडणे कठीण. बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या दारात हंगामात एकाच वेळी अनेक शाळांच्या रांगा लागतात. आत मागच्यांच्या रेट्याने पुढचे सरकतात, आणि शिक्षकांचे सारे लक्ष मुले मोजण्यात गुंतलेले असते.

दिनकर केळकरांनी उभ्या आयुष्यात जमविलेल्या आणि १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलेल्या या संग्रहात सुमारे २० हजार वस्तू आहेत. मांडलेल्या आहेत त्यांतील अडीच हजारांच्या आसपास. सहलीला तेथे एक तास मिळतो असे धरले, तर प्रत्येक वस्तूच्या वाट्याला दीड सेकंदही येत नाही. अडकित्ता, दिवा, दौत, वज्री या घरगुती वस्तूंवर कारागिराने इतकी मेहनत का घेतली असेल, हा प्रश्न मुलाच्या मनात उमटायलाही त्याहून अधिक अवधी लागतो.

याचा दोष शिक्षकांना देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. राहात्याहून पुण्याला जाण्याचा खर्च एक ठिकाण पाहिले तरी तेवढाच आणि चार पाहिली तरी तेवढाच. गाडीभाडे एकदा भरले की प्रत्येक जादा ठिकाण जवळजवळ फुकट पडते. मग पालकांच्या पैशाचे चीज करू पाहणारा शिक्षक चार ठिकाणे पाहणार, हे उघड आहे. गर्दीचे मूळ असे तिकीटखिडकीत नसून अंतरात आहे.

म्हणूनच गर्दीच्या दिवशी दर वाढवावेत, हा अर्थशास्त्राच्या पुस्तकातील उपाय येथे गैरलागू ठरतो. हॉटेलांना तो शोभतो. संग्रहालयात त्याने गर्दी कमी होईलही; परंतु कमी होतील ते ज्यांच्या घरातील कोणी आजवर संग्रहालयाची पायरी चढलेले नाही, तेच. त्यापेक्षा वेळ वाटून देणे बरे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने रोजच्या प्रेक्षकांवर ३० हजारांची मर्यादा घातली व वेळ राखून प्रवेश देण्यावर भर दिला. इतक्या दूर जायचेही कारण नाही. राहात्याच्या शेजारी शिर्डीत दर्शनाची वेळ ठरवून देणारे पास मिळतात आणि भाविक ती शिस्त पाळतात. समाधीपुढे जे जमते ते संग्रहालयाच्या दारात जमू नये, असे काही नाही.

पण वेळ वाटल्याने अंतर कमी होत नाही. अहिल्यानगरात १९६० पासूनचे ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे, १९९४ साली उघडलेले रणगाडा संग्रहालय आहे, नेहरूंना १९४२ ते १९४५ या काळात जेथे स्थानबद्ध ठेवले होते तो भुईकोट किल्ला आहे. तरीही सहलीच्या गाड्या नगर ओलांडून पुढे जातात. येथे मात्र शाळांनाही थोडा दोष द्यावा लागेल.

याहून खटकणारी गोष्ट प्रवरेच्या काठची आहे. जी नदी प्रवरानगरच्या साखर कारखान्याजवळून वाहते, तिच्याच काठी खाली दायमाबाद आहे. तेथे १९७४ साली चार कांस्यवस्तू मिळाल्या : बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक. त्यांच्या काळाविषयी तज्ज्ञांत मतभेद असले, तरी महत्त्वाविषयी नाहीत. या वस्तू आज जिल्ह्यात नाहीत. मुळांची जपणूक मोठ्या संग्रहालयांतच व्हावी, हेही मान्य. तथापि त्यांच्या उत्तम प्रतिकृती, नकाशा व उत्खननाची मराठीत लिहिलेली हकीकत राहात्यात किंवा शिर्डीत मांडण्यास कोणती अडचण आहे? अशा दालनात तालुक्यातील शाळेची एकेक तुकडी वेगवेगळ्या दिवशी येऊ शकेल, तासभर एका रथासमोर बसू शकेल, आणि पुढल्या वर्षी पुन्हा येऊ शकेल. एका हंगामात तालुक्यातील शाळा पुण्याच्या गाडीभाड्यावर किती खर्च करतात आणि असे दालन उभारण्यास किती लागेल, हे दोन आकडे जिल्हा परिषदेने एकदा शेजारी शेजारी मांडून पाहावेत.