परसदारातून : दूर्वा म्हणावं की हरळी?

सांता क्लारातल्या आमच्या परसात एक द्राक्षवेल आहे, थॉम्सन सीडलेस. बाबा तासगावहून सहा महिन्यांसाठी आले होते, तेव्हा त्यांनी ती स्वतःच्या हातानं लावली. "ही तर आपल्या तास-ए-गणेशची आई," म्हणाले. खरंच आहे ते. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी ती जात थॉम्सनमधूनच निवडली. बाबा आता नाहीत. वेल आहे.

वेलीच्या बुडाशी दूर्वा आपणहून आल्या. इथले लोक त्यांना बर्म्युडा ग्रास म्हणतात आणि आपला शेतकरी हरळी म्हणतो. आम्हांला मात्र कोण आनंद! गणपतीच्या एकवीस जुड्यांची घरबसल्या सोय झाली. दोन वर्षांत या दूर्वांनी वेलीचं आळं गिळलं. ठिबकचं पाणी त्या पीत आणि वेल उन्हाळ्यात मलूल दिसे. कुदळीनं खणावं, तर तुटलेल्या प्रत्येक पेराला नवी मुळी फुटे. शिवाय वेलीची वरवरची मुळंही तुटत.

शेवटी एका सप्टेंबरात, गणपती पोचवून आल्यावर, आम्ही ग्लायफोसेट आणलं आणि मारलं. हरळी पिवळी पडली, आम्ही खूष! मार्चमध्ये वेल फुटली तेव्हा मात्र पोटात गोळा आला. कोंब खुरटे, पानं अरुंद, फिकट, द्रोणासारखी वळलेली.

तासगावला तात्यांना फोन लावला. "आरं, बुडाला फुटवं होतं का?" त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला. होते की! गवतात लपलेले दोन. हे औषध जुन्या खोडाच्या जाड सालीतून सहसा आत जात नाही, पण पानांतून आणि हिरव्या सालीतून जातं. त्यातून दिवस शरदाचे. त्या दिवसांत वेल पानांतली साखर मुळांकडे पाठवत असते. औषधही त्याच वाटेनं उतरतं, आत दबून राहतं आणि वसंतात डोळे फुटताना दिसतं.

तात्यांचं दुखणं आणखी वेगळं. एका वर्षी शेजारच्या उसात टू-फोर-डी मारलं आणि वारा बागेकडे होता. हे औषध रुंद पानांच्या तणांसाठी. उसाला सोसतं, पण द्राक्षाला त्याचा नुसता वासही बाधतो. फवारा उडतोच, शिवाय त्याच्या काही प्रकारांची वाफही वाऱ्यावर जाते. तात्यांच्या वेलींची पानं पंख्यासारखी झाली, शिरा समांतर, कडा दातेरी. "भांडून काय करतोस? बांधाला बांध हाय," एवढंच म्हणाले.

आमच्याकडे तर शेजारी दोष द्यायलाही नव्हता. मग आम्ही काय केलं? फुटवे हातानं काढले. खोडाभोवतीची हरळी शेतकाट्यानं, मुळ्या न तोडता, उचलून घेतली. वर पुठ्ठे आणि लाकडाच्या ढलप्या पसरल्या, खोडापासून वीतभर जागा सोडून, कारण ओल धरली की साल कुजते आणि उंदरांनाही आसरा मिळतो. दोऱ्याचं गवतकापणी यंत्र खोडाजवळ नेत नाही. सालीला जखम झाली की खोडाला गाठी आणणारे जिवाणू आत शिरतात. हिवाळ्यातल्या पावसात दूरचं गवत वाढू देतो, माती धरून ठेवतं बिचारं. वसंतात ते कापतो, म्हणजे उन्हाळ्यात पाण्याला वाटेकरी नको. उन्हाळ्यात घोळ उगवली तर ती थेट कढईत!

वेल पहिली दोन-तीन वर्षं लहान असते, तेव्हा तणाचा त्रास सर्वांत जास्त. त्या वेळी हाताला आळस नको. पुढं तिच्या बुडाशी हातभर जागा मोकळी राखली तरी पुष्कळ.

आमची वेल सावरायला दोन हंगाम लागले. पहिल्या वर्षी मोजून चार घड आले. यंदा भरलीय. आणि दूर्वा? त्यांना आता मोठी कुंडी दिलीय, मागच्या दाराशी, वेलीपासून लांब. येत्या गणपतीला कुणाला हव्या असतील तर कात्री घेऊन खुशाल या. मुळं मात्र मागू नका!