बंदीच्या यादीतलं नाव

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे तरुणपणीच क्रांतीच्या ध्यासानं देशाबाहेर पडले, गदर चळवळीत वावरले आणि १९२४च्या सुमारास मेक्सिकोला पोचले. तिथं त्यांनी चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवलं, मक्याच्या वाणांवर संशोधन केलं. चित्रकार दिएगो रिवेरानं तर शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर पाव मोडणारे खानखोजेच रंगवले! परक्या मुलखानं एवढं आपलं मानलं. स्वतंत्र भारतानं मात्र त्यांना आधी व्हिसाच नाकारला, कारण इंग्रजांच्या बंदीच्या यादीत त्यांचं नाव तसंच राहिलं होतं. ज्या राजवटीशी माणूस लढला, तिचीच यादी त्याच्या परतीच्या वाटेत आडवी यावी, हे आजही मनाला लागतं. पुढे बंदी उठली. खानखोजे नागपुरात स्थायिक झाले, राजकारणातही उतरले आणि १९६७ साली वारले.